विहिणींची फुगडी

आमच्या घरात फुगडी मागच्या अंगणात चालायची, तीही भर दुपारी, मोठ्या आईचा डोळा लागल्यावर. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. पिंपळगाव राजातल्या त्या घरात तुरीच्या कणगीपासून आमच्या हसण्यापर्यंत सगळ्यावर झाकण ठेवायचा हक्क तिचा. आतून तिच्या घोरण्याचा आवाज लागला की माय हातातली फुंकणी खाली ठेवायची, न्हाणीजवळच्या फरशीवर दोन्ही पावलं जोडून उभी राहायची आणि तोंडातून शब्द न काढता भुवईनं मला बोलवायची. हातांची अढी घालून आम्ही गरकायला लागलो की तिच्या तोंडून फू-फू असा ठेका निघायचा, पण तोही दबलेला, चुलीत फुंकर घातल्यासारखा. कोणी जागं झालंच तर चूल पेटवत होतो म्हणायला मोकळी. तिच्या हातांना लसूण, हळद आणि राखेचा वास असे. आजही लसूण सोलून हात नाकाशी गेला की ते अंगण गरकन फिरतं.

माय गावातली सगळ्यात पट्टीची फुगडी घालणारी होती, असं म्हाताऱ्या बायका सांगायच्या. पण 'होती' असंच सांगायच्या, जणू मेलीच. मेले होते ते माझे बाबा. मी तेव्हा नुकती पाटी घेऊन शाळेत जायला लागले होते. त्यानंतर मायच्या कपाळाबरोबर लोकांनी तिचे हातपायही पुसून टाकले. भुलाबाईला बोलावणं बंद, हळदीकुंकवाला बंद, नागपंचमीला बायका वारुळाकडं निघाल्या की माय आपणच दार लोटून घ्यायची. मात्र कोणाच्या घरी लग्न निघालं की पहिला निरोप मायला. पापड लाटायला, कुरडया घालायला, मसाला कांडायला तिचे हात शुभ. तिनं कांडलेलं तिखट सवाष्णींच्या ताटात चालायचं, ती ताटाजवळ चालायची नाही. हे लिहिताना माझा पेन कागदाला भोक पाडतोय. पाडू दे.

मी सोळा-सतरा वर्षांची होते, अंगानं काडी आणि तोऱ्यानं तोफ. गावानं मला भिंगरी नाव ठेवलं होतं आणि ते मी नाकातल्या नथीसारखं मिरवायची. मला शिकवणारी कोण, हे बाहेर सांगायचं नाही असं मायनंच बजावलं होतं. मीही ते इतक्या मन लावून पाळलं की पुढं पुढं मला खरंच वाटायला लागलं, ही विद्या मी पोटातूनच घेऊन आले. आरशासमोर मान अशी तिरकी करून उभी राहायची, की पाहणाऱ्याला वाटावं पोरीच्या मानेत उसण भरलीय. माझी बहीण कुसुमताई माझ्याहून चार बोटं उंच आणि चौपट शहाणी. तिला फुगडी येत नव्हती. मोठ्या आईच्या धाकानं ती कधी मागच्या अंगणात आलीच नाही. दाराशी उभी राहून पहारा मात्र तिनं दिला, वर्षानुवर्षं.

तिचं लग्न जमलं. मुलगा चांगला होता, अजूनही आहे, दात नाहीत एवढंच. माणसं मूळची शेगावच्या पलीकडची, पण मुलाच्या वडिलांची नोकरी पुण्याला, म्हणून आता 'पुण्याची'. मुलाची आई जयवंताबाई. मुलगी पाहायला आली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं की मला मावशी-बिवशी म्हणू नका, काकू म्हणा. आमच्या बोलण्यावर ती अशी हसायची, जशी लहान मुलानं ताट उलटं केल्यावर पाहुणी हसते.

आमच्याकडं लग्नात विहिणीची पंगत उठली की मांडवात दोन्ही विहिणी फुगडी घालतात. मुलीची आई आणि मुलाची आई. त्यांचे हात एकमेकींत अडकले, दोन-चार गरके झाले, की सोयरीक पक्की. तोवर पुरुषांनी कितीही नारळ फोडले तरी बायका म्हणतात, अजून व्हायचंय. शेवया करायला बसलो होतो तेव्हा कुसुमताई खाली मान घालूनच बोलली, "माय, माह्या लग्नात फुगडी तूच घालजो." माय शेवयांची लड काठीवर टाकत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिनं पेटीच्या तळातून मामानं दिलेली जांभळी साडी काढली, घड्या उलगडून उन्हात टाकली आणि तिच्यावर चिमणी बसू नये म्हणून भाकरी थापता थापता चारदा उठून बाहेर गेली. मायनं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. ती साडी उन्हात टाकणं, हेच तिचं मागणं होतं.

वऱ्हाड लग्नाच्या आदल्या दिवशी आलं. जानोसा, म्हणजे त्यांचा मुक्काम, गावच्या शाळेत दिला होता, सुट्ट्याच होत्या. जयवंताबाईबरोबर पुण्याच्या कॉलनीतल्या शेजारणी होत्या, आणि त्यांना 'तुमच्याकडची गंमत' शिकायची होती. निरोप आला, मोठ्या आईनं मला धाडलं, आणि मी अशी निघाले जशी सर्कशीची मालकीण. कुसुमताईची साडी नेसून, पदराला पिन लावून, हातात कडुनिंबाची काडी घेऊन. ही काडी कशाला, तर चुकेल तिच्या घोट्यावर मारायला. वऱ्हाडातल्या बायकांच्या घोट्यावर! त्या वयात माझ्या डोक्यात भुसा होता आणि तोही ओला.

शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना जोडीजोडीनं उभं केलं. पावलं जोडा, चवड्याला चवडा भिडवा, हातांची अढी घाला, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. आता टाचा रोवा आणि मागं झुका. इथं सगळ्यांचं अडलं. मागं झुकायला कोणी तयार होईना. एक गोरी, भरल्या अंगाची बाई मोजे घालून आली होती. ती म्हणाली, "आणि हात सुटला म्हणजे?" मी काडी हवेत फिरवून मोठ्या मास्तरणीच्या आवाजात सांगितलं की फुगडीत हात सुटत नसतो, कोणीतरी सोडला तरच सुटतो, आणि भर गरक्यात एकटीनं सोडला तर दोघीही भिंतीवर जाऊन आपटतात, म्हणून थांबायचं तेही दोघींनी मिळूनच. हे सगळं वाक्य मायचं होतं. मी ते माझं म्हणून खपवलं. त्या मोजेवाल्या बाईनं मोजे काढले, झुकली, फिरली आणि लहान पोरीसारखी खिदळली. शेवटी सगळा व्हरांडा फिरत होता, फू-फूचा आवाज कौलांना लागत होता, आणि मी मधोमध काडी घेऊन उभी, धन्य झालेली.

जयवंताबाई म्हणाली, मला बाई असलं काही येत नाही. तेव्हा तिला मी स्वतः घेतलं. तिनं माझे हात धरले ते अंगठ्यात अंगठा अडकवून, मनगटाच्या पार वर, घट्ट. असं धरायला मी शिकवलंच नव्हतं. पहिल्याच गरक्यात तिच्या टाचा जमिनीत खिळ्यासारख्या बसल्या. कोणत्याही शहाण्या पोरीला तिथंच कळलं असतं की या बाईचं बालपण फुगडीत गेलंय. मला काय कळलं? मला कळलं की माझ्यासारखी शिकवणारी भेटली तर माणूस न सांगताही शिकतो.

फिरून झाल्यावर तिनं पदरानं कपाळ टिपत सहज विचारलं, उद्या माझ्यासोबत तुमच्याकडून कोण. मी म्हटलं, कोण म्हणजे, माझी माय. तिचा हात कपाळावरच थांबला. मग ती हसली आणि मोठ्या आईला जरा इकडं बोलावतेस का म्हणाली. मी धावत जाऊन मोठ्या आईला बोलावून आणलं. मीच. धावत.

लग्न लागलं ते मायशिवाय. कन्यादान काका आणि मोठ्या आईनं केलं, ते तर ठरलेलंच होतं. माय कोठीत होती, म्हणजे धान्याच्या खोलीत, जिथं लग्नाचं सगळं शिजलेलं आणून ठेवलं होतं. तिथून वरण, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी आणि मठ्ठ्याची भांडी भरभरून बाहेर जात होती. विहिणीची पंगत उठली, बायका मांडवात गोल करून बसल्या, आणि माय बाहेर आली. न्हाऊन, ओले केस बांधून, ती जांभळी साडी नेसून. मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पायाची बोटं जमिनीवर आपोआप जुळत होती.

मोठ्या आईनं सगळ्यांच्या देखत, आवाज जराही न चढवता सांगितलं, "कमल, तू कायले उभी हायेस अठी? कोठीत जाय, बुंदी झाकून ठेव. मुंग्या लागतीन. विहीणबाईसंग मी उभी राह्यतो."

माय म्हणाली, "हाव, बाई." आणि गेली.

मला रडू आलं नाही. मला आजही त्या प्रसंगाचं रडू येत नाही, कानशिलं तापतात. मी त्या दोन बायकांकडं पाहिलं. एक मोठी आई, ओटीत सुपारी कातरत, काहीच घडलं नसल्यासारखी. दुसरी जयवंताबाई, पैठणीच्या निऱ्या सारख्या करत उठणारी. त्या क्षणी मला तिची व्हरांड्यातली पकड आठवली आणि सगळं एकदम समजलं. येतं हिला. आमच्यातलीच आहे ही. मायला खाली बसवायला मात्र ती पुण्याहून आलीय.

मी पुढं झाले. तोंडावर असं गोड हसू आणलं की त्याच्यापुढं बुंदी फिकी. म्हटलं, काकू, शिकवलेलं ध्यानात आहे का पाहू द्या, एक गरका माझ्यासोबत, मग मोठ्या आईसोबत. बायका हसल्या, टाळ्या पडल्या. तिनं हात दिले. मी अंगठ्यात अंगठा अडकवला, मनगटाच्या पार वर, तिनंच दाखवल्यासारखा. आणि सुरू केली.

आधी ती हसत होती. मग अगं हळू म्हणाली. मग पुरे म्हणाली. मी वाढवत गेले. मांडवाचे खांब एकमेकांत मिसळले, तोरणाची आंब्याची पानं हिरवी रेघ झाली, बायकांना वाटलं खेळ रंगला, त्यांनी ठेका धरला. जयवंताबाईला हात सोडता येत नव्हता. सोडला असता तर पैठणीसकट मांडवाकडेच्या चुलवणावर गेली असती, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठं उडाली. "अवं पोरी, सोड नं वं मले! काऊन जीव घेऊन राह्यली?"

मी म्हटलं, "माह्या मायले बोलवा, मंग थांबतो."

ठेका बंद पडला. आता कोणी हसत नव्हतं. पायांचा आवाज तेवढा राहिला, आणि तिचा श्वास. मग ती ओरडली, "बोलवा वं तिले कोनीतरी!"

माय कोठीच्या दारात आली. हात कोपरापर्यंत पाकानं चिकट. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं, पण माझ्यावर ओरडली नाही, जवळ येऊन शिकवल्यासारखं बोलली. "विमल, दम खाय. पाय आखूड घे. विहीणबाई, तुमीबी. दोघी संगच थांबा." आम्ही थांबलो. जयवंताबाई जागच्या जागी खाली बसली. मायनं पदराला हात पुसले, पुसले, पुन्हा पुसले, आणि तिच्यापुढं धरले. "उठा, विहीणबाई."

जयवंताबाईनं ते हात पाहिले. मग मान वर करून मायचं कपाळ पाहिलं. आणि तेवढ्यात तिची पुण्याची भाषा परत आली. "नको हो, मला गरगरतंय. आणि आमच्यात नाही चालत तसं."

मायचे हात तसेच राहिले. मागं घ्यावेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. माझ्या भिंगरीपणाचा सगळा पराक्रम तो हा! मायला कोठीतून बाहेर काढलं, ते सगळ्या गावासमोर तिचा अपमान पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं व्हावा म्हणून. मोठी आई सुपारी खाली ठेवून उठायलाच लागली होती.

पण आधी कुसुमताई उठली. पाटावरून, मुंडावळ्यांसकट. कोणीतरी म्हणालं, नवरीनं पाटावरून उठू नये. ती बारा वर्षं पहारा दिलेली पोर होती, तिला पाय वाजू न देता चालायची सवय. मायसमोर येऊन उभी राहिली आणि रिकाम्या राहिलेल्या त्या हातांत तिनं आपले चुड्याचे हात दिले.

"विमलले शिकवली तू. मले नाही शिकवली," ती म्हणाली. "आज शिकव."

मायनं तिचे हात नीट लावून घेतले, अढी घातली. मग जे वाक्य आम्ही आयुष्यभर दबल्या आवाजात ऐकलं होतं ते तिनं मांडवभर ऐकू जाईल असं म्हटलं. "भेव नको. टाचा रोव, मांगं झुक. मी धरलं हाये."

आणि फिरल्या दोघी. कुसुमताईचे पाय चुकत होते, मुंडावळ्या तोंडावर फटके मारत होत्या, ती रडत होती की हसत होती ते फिरत्या माणसाचं कळत नाही. मायचा फू-फू उघडा, मोकळा, छाती भरून. ती पुण्याची मोजेवाली बाई पहिली उठली आणि ठेका धरला, मग बाकीच्या. मी जयवंताबाईकडं पाहत होते, कारण मला तिच्यावरचा राग गिळायचा नव्हता. तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. पण तिचा गुडघ्यावरचा हात ठेका देत होता, एकही मात्रा न चुकवता.

कुसुमताईला पहिल्या दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. दुसऱ्याही नाही. तिनं ते कसं काढलं हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं की म्हणायची, फुगडी शिकायला थोडं लागतंच. पुढं जयवंताबाईचंही कुंकू गेलं. ती आपणहून कोपऱ्यात जाऊन बसली, आणि कुसुमताईनंच तिला हाताला धरून नातवाच्या बारशाला पाळण्याशी आणलं. ताईचं मन मोठं. मी असते तर कोपऱ्यातच बसू दिली असती आणि वर विचारलं असतं, गरगरतंय का हो?

त्या दिवशी वरात गेल्यावर मायनं मला कोठीत बोलावलं आणि एक थोबाडीत दिली. चिकट हाताची, गालाला केस चिकटले. "तिचं लगन मोडलं असतं तर? तू बसवणार होतीस तिले घरी?" मी गाल धरून उभी. बुंदीच्या टोपलीवर खरंच मुंग्या चढल्या होत्या. माय त्या फडक्यानं झटकत राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अन् टाचा काऊन उचलल्या होत्या तुनं? मी असं शिकवलं?"

गेल्या हिवाळ्यात खामगावच्या एका लॉनवर माझ्या नातीचं लग्न झालं. तिथं फुगडी शिकवायला पगारी मास्तर होता, कानापासून तोंडापर्यंत माइकची काडी लावलेला. पाहुण्यांना ओळीत उभं करून तो सांगत होता, फक्त तळवे टेकवा, वन टू, हसा, कॅमेऱ्याकडं पाहा. पकड नाही, झोक नाही, फू नाही. मी तेही सोसलं. मग तो म्हणाला, आता दोन्ही मदर्स. माझी सून शोभा उठली. माझा मुलगा जाऊन चार वर्षं झाली. आमच्याच घरातली एक शिकलेली बाई लगबगीनं आली आणि मऊ आवाजात म्हणाली, शोभा, तू दमली असशील, बस ना, तुझ्याऐवजी मी उभी राहते, फोटोत बरं दिसेल. आणि खुर्ची पुढं केली. हल्ली कोणी कोठीत पाठवत नाही, खुर्ची देतात. शोभा बसायला वाकली सुद्धा.

माझे गुडघे गेलेत, पण राग शाबूत आहे. मी काठी टेकत मधोमध गेले, मास्तरला बाजूला हो म्हटलं, शोभाला एका हाताला धरून आणलं, नव्या विहीणबाईंना दुसऱ्या. त्या अकोल्याच्या, दातांच्या डॉक्टर, भल्या बाई, उंच टाचांच्या चपला काढून उभ्या राहिल्या. मी दोघींची अढी घातली, अंगठ्यात अंगठा अडकवून दिला, मनगटाच्या पार वर. टाचा रोवा म्हटलं. मागं झुका म्हटलं. फिरायला लागल्या, वेग आला, शोभाचा अंबाडा सुटला, आणि दोघी किंचाळून विचारायला लागल्या की आई, आता थांबायचं कसं.

ते मी शिकवलं नाही.